लाकडी जमिनीच्या शेवटच्या नऊ ओळी

वार रविवार, महिना डिसेंबर, वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. हजर : बाबा, आई, मंजिरीताई आणि मी. दाराबाहेर हजर : खालच्या मजल्यावरचे लेलेकाका. गैरहजर : बबनमिस्त्री, ज्यांना सात आठवड्यांपूर्वी आम्हीच चहा पाजून परत पाठवलं होतं.

माझ्या तेव्हाच्या वहीत हे असंच लिहिलेलं आहे. साल लिहिलेलं नाही. मी तेरा वर्षांची होते, आणि त्या वयात साल लिहून ठेवावं लागेल असं कुणाला वाटतं? घरातल्या कामांची यादी ठेवणं हे माझं खातं होतं आणि ते बाबांनी रीतसर माझ्याकडे सोपवलं होतं. काम सुचलं की वहीत क्रमांक पडायचा, झालं की बरोबरची खूण, आणि रद्द झालं तर पट्टी लावून सरळ रेघ. हाताने रेघ मारलेली बाबांना चालत नसे. आज ऑफिसात मी समोरून आले की लोकांना आपापली राहिलेली कामं आठवतात म्हणे. त्याचं मूळ त्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत आहे.

आमचं घर बिबवेवाडीत, पहिल्या मजल्यावर. बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. जमिनीला करड्या मोझॅकच्या फरश्या, हिवाळ्यात पाय ठेवला की दात वाजतील अशा. बाहेरच्या खोलीत सकाळी साडेपाचला ताईचा कथकचा रियाज सुरू व्हायचा. आधी घुंगरू बांधल्याची खुळखुळ, मग पायांचा ठेका, मग स्वयंपाकघरातून कुकरची पहिली शिट्टी, आणि तिसऱ्या शिट्टीच्या सुमाराला खालून छताला काठीचे तीन ठोके. ते लेलेकाका. काठीने भागलं नाही तर ते चिठ्ठी लिहून आमच्या दाराला असलेल्या टपालाच्या फटीतून आत टाकायचे. फटीला आतून पितळी झाकण होतं, ते टक्कन वाजायचं. एक चिठ्ठी मी जपून ठेवली आहे : ‘आपल्या कन्येचे नृत्य आम्हांस केवळ ऐकू येते, दिसत नाही. ही गैरसोय दूर व्हावी.’ आईने त्यांना पुढच्या कार्यक्रमाचं आमंत्रण पाठवलं. काका आले, पहिल्या रांगेत बसले आणि निघताना म्हणाले, “दिसतं तेव्हा बरं असतं.”

त्या वर्षी ताई विशारदच्या परीक्षेला बसणार होती, आणि त्याच वर्षी तिच्या नडग्या दुखायला लागल्या. आधी ती बोललीच नाही. नंतर रियाज झाला की बर्फाची पिशवी घेऊन बसू लागली. मग जिना उतरताना कठडा धरू लागली. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले आणि विचारलं, “नाचता कशावर?” ताई म्हणाली, “फरशीवर.” डॉक्टर म्हणाले, “म्हणजे दगडावर. एक तर खाली लाकूड घाला, नाही तर नाच सोडा. गोळ्या मी लिहून देतो, पण त्या दगड मऊ करत नाहीत.” परत येताना रिक्षात ताई बाहेर बघत होती. घरी आल्यावर तिने घुंगरू पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. बाबांनी ते पाहिलं. जेवताना आमटी वाढून घेत ते म्हणाले, “वसू, वही आण. क्रमांक एक. बाहेरच्या खोलीत सागवानी लाकडाची जमीन.” आईने वाढता वाढता डाव थांबवला, एवढंच.

बाबा कारखान्यात तपासणी विभागात होते. दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग मोजायचे आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक निघाला तरी परत पाठवायचे, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. त्यामुळे दुसऱ्याच्या कामात चूक असणारच हा त्यांचा अनुभव होता, आणि स्वतःच्या कामात ती नसणारच हा विश्वास. त्या विश्वासाची परीक्षा कधी झाली नव्हती, कारण त्यांनी स्वतः कधी काही बनवलंच नव्हतं. एक अपवाद होता. गॅलरीची ग्रिल त्यांनी स्वतः रेखाटून करून घेतली होती. तिच्यातून मांजरही येऊ शकत नसे.

आईच्या आग्रहाखातर मिस्त्रींना मात्र बोलावलं. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी बबनमिस्त्रींचं सुतारकामाचं दुकान होतं. सासवडकडचे, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. ते आले, चपला बाहेर काढल्या, टाचेने फरशी ठोकून पाहिली. मग खोलीकडे न बघता मागे वळले आणि आमचं बाहेरचं दार दोनदा उघडून मिटून पाहिलं.

“दार काढावं लागंल, सायेब.”

“दार?” बाबा म्हणाले. “काम जमिनीचं आहे.”

“जमिनीचंच हाय की. पर पयलं दार.”

बाबांनी एक भुवई वर केली. ही भुवई कारखान्यात भल्याभल्यांचा माल परत पाठवायची. मिस्त्रींनी चहा घेतला, कपबशी स्वतः उचलून ओट्यापाशी नेऊन ठेवली आणि गेले. दार लागताच बाबा आईला म्हणाले, “बघितलंस? अजून एक फळी आणली नाही, आणि यांनी दाराचं काम काढलं. उद्या म्हणतील छप्पर काढावं लागेल.”

“छप्पर आपलं नाहीच,” आई म्हणाली. “ती वरच्यांची जमीन आहे. त्यांना विचारावं लागेल.”

“मी स्वतः करणार आहे,” बाबा म्हणाले. “दोन रविवार.”

मिस्त्रींचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं होतं : क्रमांक चार, दार काढणे. बाबांनी ते वाचलं आणि म्हणाले, “हे खोड. अनावश्यक.” मी पट्टी लावली आणि खोडलं.

दोन रविवारांचे सात झाले. टिंबर मार्केटमधून सागवानी फळ्या आल्या. चार बोटं रुंद, एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला त्या खाचेत बसणारी जीभ. आधी फरशीवर आडव्या रिपा, म्हणजे लाकडी पट्ट्या, ठोकायच्या, त्यांच्यावर गोंद लावून फळ्या बसवायच्या आणि खिळ्यांनी पक्क्या करायच्या. सगळं मिळून जमीन दीड इंचाने वर येणार होती. हा दीड इंच बाबांनी वहीत स्वतःच्या हाताने लिहिला आहे, खाली दोन रेघा मारून. कामाची सुरुवात गॅलरीच्या बाजूने, शेवट दारापाशी. फळ्या ठेवायला स्वयंपाकघराच्या वाटेशिवाय जागा नव्हती, म्हणून दीड महिना आम्ही स्वयंपाकघरात तिरके होऊन शिरत होतो. घरभर सागाचा कडवट, तेलकट वास. पोह्यांत भुसा, दह्यात भुसा. एकदा मटकीच्या उसळीवर शेव आहे असं समजून बाबांनी लिंबू पिळलं, ते वाया गेलं. ती रंध्यातून निघालेली साल होती.

पहिल्या रविवारी तीन फळ्या बसल्या. याचं कारण पोस्टकार्ड. आई टपाल खात्यात होती, त्यामुळे घरात पोस्टकार्डं असायची. बाबांनी ठरवलं, दोन फळ्यांमधल्या फटीत पोस्टकार्डाची कड शिरली तर फळी नापास. नापास फळी उचलायची, रंधा मारायचा, पुन्हा बसवायची. आई म्हणाली, “अहो, ती कार्डं पत्र लिहायला असतात.” बाबा गुडघ्यांवर बसूनच म्हणाले, “मिस्त्री लोक इतकं बघत नाहीत.” आई म्हणाली, “नाही ना. त्यांना दुसरीकडेही जायचं असतं.”

पण एक गोष्ट मला इथे लिहिलीच पाहिजे, कारण पुढच्या हशात ती हरवते. चौथ्या रविवारी अर्धी खोली झाली होती. सोमवारी पहाटे ताईने कपाटावरून पिशवी काढली आणि त्या अर्ध्या जमिनीवर उभी राहिली. फरशीवर पाय पडला की आवाज तिथेच फुटायचा. लाकडावर तो खाली जाऊन परत वर यायचा, कुणी आतून हुंकार द्यावा तसा. तिने वीस मिनिटं केलं, मग चाळीस. बर्फाची पिशवी मागितली नाही. बाबा आतल्या खोलीच्या दारात दाढीचा साबण लावलेल्या तोंडाने उभे होते. साबण वाळून गेला तरी हलले नाहीत. त्या दिवशी लेलेकाकांची चिठ्ठी आली : ‘आवाज बदलला आहे. पूर्वी डोक्यात येत असे, आता छातीत येतो. दुसरा बरा.’

परीक्षा डिसेंबरातल्या रविवारी, दुपारी चार वाजता, सदाशिव पेठेत. चुकली तर पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षी ताईच्या पदवीचं शेवटचं वर्ष होतं, म्हणजे चुकली तर बहुतेक कायमची. त्या दिवशी सकाळी दारापाशी फळ्यांच्या नऊ ओळी शिल्लक होत्या. एवढे आठवडे दार त्या उरलेल्या फरशीवर आत उघडत होतं आणि आम्ही आत येऊन फळ्यांवर एक पायरी चढत होतो. पायरी आमच्या इतकी सवयीची झाली होती, की ती दारापर्यंत आली की काय होईल हा विचार चार डोक्यांपैकी एकातही आला नाही. बाबांच्या मनात वेगळंच होतं. “मंजिरी आज पूर्ण जमिनीवरून परीक्षेला जाईल,” ते म्हणाले. भुसा जिन्यात जाऊ नये म्हणून त्यांनी दार लावून घेतलं, कडी घातली आणि सकाळी सातला बसले.

त्यांना कामाचा हात आता बसला होता. नऊ ओळी, एकही नापास नाही. पावणेतीनला शेवटची फळी दाराला टेकली. बाबांनी पोस्टकार्ड फिरवलं, कुठेही शिरलं नाही. ते उठले, गुडघे वाजले. ताई हिरव्या पोशाखात तयार होती. तिने नव्या जमिनीला हात लावून नमस्कार केला, मग आईबाबांना. आईने तिच्या हातावर दही ठेवलं. बाबांनी कडी काढली आणि दार ओढलं.

दार हललं नाही.

बाबांनी पुन्हा ओढलं. मग खाली पाहिलं. मी त्यांचा चेहरा पाहिला, आणि तपासणी विभागातल्या माणसाला आपलाच माल परत येताना बघणं काय असतं हे मला त्या वयात कळलं. दाराची खालची कड दिसतच नव्हती. ती जमिनीच्या खाली होती, इंचभर, शिवाय पोस्टकार्ड न शिरेल इतकी घट्ट.

“वसू,” बाबा हळूच म्हणाले, “वहीत दाराचं काही होतं का?”

मला पान उघडायचीही गरज नव्हती, पण मी उघडलं. “क्रमांक चार. दार काढणे. खोडलेलं आहे.”

“कोणी खोडलं?”

“तुम्ही सांगितलंत म्हणून मी.”

आईने वहीत डोकावून पाहिलं. “पट्टीने खोडलंय,” ती म्हणाली. “किती नीट.”

बाबांनी पटाशी घेतली आणि शेवटची फळी उचकटायला बसले. पण पटाशीचं टोक घालायचं कुठे? जिथे पोस्टकार्ड जात नव्हतं तिथे पटाशी कशी जाणार? गोंदही सुकत आला होता. गॅलरीत धावलो तर तिथे बाबांची ग्रिल. ताई खोलीच्या मध्यभागी घुंगरांची पिशवी छातीशी धरून उभी होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “चार वाजता आहे. बाबा, चार वाजता आहे.” आई तेवढी शांत. तिने लेलेकाकांना फोन लावला.

काका वर आले. टपालाच्या फटीचं झाकण टक्कन वाजलं आणि तिथे त्यांचे दोन डोळे दिसले.

“काय झालंय?”

“दार उघडत नाही,” बाबा म्हणाले.

“किल्ली?”

“किल्लीचा प्रश्न नाही. जमीन वर आली.”

डोळे जरा वेळ मिटले, पुन्हा उघडले. “भूकंप म्हणावा तर माझ्याकडे काही जाणवलं नाही.”

“काका,” ताई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. काकांनी पुढचा टोमणा गिळला, तो गिळताना मी फटीतून पाहिला आहे. “बबनला आणतो,” ते म्हणाले आणि वयाला न शोभेल अशा वेगाने जिना उतरले.

वहीत नोंद आहे : तीन पंचवीसला मिस्त्री आले. फटीत आता दुसरे डोळे, आणि वर कानावरची पेन्सिल. बाबा दाराच्या आतल्या बाजूला उकिडवे बसले होते. मला वाटलं मिस्त्री हसतील, निदान ‘म्हनलो व्हतो’ म्हणतील. आमच्या घरातल्या कुणीही म्हटलं असतं. मिस्त्रींनी विचारलं, “ताईंची परीक्षा कितीला?”

“चारला,” बाबा म्हणाले. “फळ्या उचकटू का? तोडतो सगळ्या.”

“फळ्यांस्नी हात लावू नका. चांगल्या बसल्यात.” फटीतून डोळे डावीकडे उजवीकडे फिरले. “बिजागऱ्या आतल्या अंगाला हायेत. लोखंड कापायची करवत हाय?”

“आहे.”

“मग बिजागरीच्या मधली सळई कापा. तिन्ही. वरनं सुरू करू नका, खालनं. वरली शेवटाला, न्हायतर दार अंगावर येईल.”

बाबांनी करवत घेतली. मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं बाबांना दुसऱ्या कुणाच्या हुकमाने काम करताना पाहिलं. “दाबू नका, सायेब. पात्याला जाऊ द्या.” “हां.” “तेल सोडा थेंबभर.” “खोबरेल चालेल?” “चालंल की.” लोखंडाची किरकिर, त्यात खोबरेल तेलाचा वास, आणि मागे आई शांतपणे सांगत होती, “मंजिरी, उभ्या उभ्या दोन घास खाऊन घे. आपण कुठे जातोय इतक्यात?” ताईने खरंच शिरा खाल्ला. मी फटीतून लेलेकाकांना वाटी द्यायला गेले, ती मावली नाही.

तिसरी सळई तुटली तेव्हा तीन अडतीस झाले होते. “आता दार सरळ ओढू नका,” मिस्त्री म्हणाले. “वरलं टोक आत घ्या, मी भायेरनं ढकलतो. तिरपं झालं की खालनं उचला.” बाबांनी आणि आईने दार अंगावर घेतलं. वरचं टोक आत आलं, खालची कड खाचेतून सुटली आणि सगळं दार बाबांच्या खांद्यावर आलं. मागे जिना दिसला, जिन्यात घामेजलेले लेलेकाका, आणि उंबरठ्याच्या पलीकडे बबनमिस्त्री, चपला नीट बाजूला काढून उभे. ताई त्या दाराखालून वाकून निघाली. काकांची स्कूटर सुरूच होती. लक्ष्मीनारायण थिएटरच्या चौकापर्यंत काकांनी एकही सिग्नल पाळला नाही असं ताई अजून सांगते. काकांनी ते मरेपर्यंत अमान्य केलं.

तीन छप्पन्नला ती पोचली. निकालाचं पत्र यथावकाश आलं, टपालाच्या त्याच फटीतून. ताई पहिल्या वर्गात पास. आता ती शिकवते, आणि पालक नव्या विद्यार्थिनीला घेऊन आले की आधी विचारते, घरी जमीन कशाची आहे.

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी दार जिन्यात आडवं घातलं, खालून दोन इंच कापलं, नव्या बिजागऱ्या लावल्या आणि पुन्हा बसवलं. दार उघडलं. बाबा बराच वेळ नुसते उघडत मिटत होते. मिस्त्री गुडघ्यावर बसले, तळहात नऊ ओळींवरून फिरवला आणि म्हणाले, “माझ्या हातून इतकं बारीक व्हत न्हाई.” बाबा कानापर्यंत लाल झाले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. ते म्हणाले, “चहा घेणार ना?” मग मिस्त्रींनी दाराखाली बोट दाखवलं. “कापलेली कड कोरी हाय. पॉलिश मारून घ्यावं, न्हायतर पाणी पितंय लाकूड. उद्या मारून देतो.”

“ते मी करतो,” बाबा म्हणाले.

क्रमांक एकतीस : दाराच्या खालच्या कडेला पॉलिश. करणार : बाबा.

वाघोलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने बेडरूमला घातलेली लाकडी जमीन मध्यंतरी फुगली. आमच्या ह्यांनी फोनवर सात व्हिडिओ बघितले आणि म्हणाले, “अगं, हे तर मी दोन रविवारांत करीन.” मी सुताराला बोलावलं, आणि तो आत येऊन पहिलं वाक्य बोलेपर्यंत कुणालाही तोंड उघडू दिलं नाही.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्याच घरात. जमीन अजून आहे, पोस्टकार्ड अजून जात नाही. पोस्टकार्ड मिळणं तेवढं अवघड झालंय. गेल्या महिन्यात मी वही घेऊनच गेले आणि म्हटलं, “बाबा, एकतीस राहिलंय. मी पॉलिश आणलंय, ब्रश आणलाय. आज करून टाकू.” त्यांनी काठी बाजूला ठेवली, मला धरून कसेबसे वाकले आणि दाराखालून नजर टाकली. मग दार एकदा उघडून पाहिलं, एकदा मिटून.

“असं नाही होणार,” ते म्हणाले. “आधी दार काढावं लागेल.”